पोटाचा हिशेब: रोजचा की आठवड्याचा?

श्रोतेहो, गुरुवारचा दिवस आहे असे समजा. तुमच्या गावात एक पाहणी करणारा माणूस आला. हातात कागद, खिशात पेन. ओसरीवर बसून त्याने घरधन्याला विचारले, "काल सकाळपासून आज सकाळपर्यंत तुम्ही काय काय खाल्ले?" घरधनी म्हणाला, "काल बुधवार. दोन वेळा भाकरी, कालवण, थोडा भात." पाहुण्याने टिपून घेतले आणि गेला.

आता हाच माणूस एक दिवस उशिरा, म्हणजे शुक्रवारी आला असता तर? घरधन्याचा गुरुवारचा उपवास. मूठभर शेंगदाणे, वाटीभर साबुदाणा आणि चहा, एवढेच त्या दिवशीचे खाणे. कागदावर उतरले असते, 'हा माणूस अर्धपोटी आहे.' आणि तोच जर बुधवारी आला असता? मंगळवार हा बाजाराचा दिवस. बाजारातून येताना भजी, घरी आल्यावर मटण, वर दोन भाकऱ्या जास्तच. कागद म्हणाला असता, 'हे घर खाऊन पिऊन सुखी आहे.'

माणूस तोच, घर तेच, चूलही तीच. मग खरे काय? पोटाचा हिशेब मांडायचा तो दिवसाचा, आठवड्याचा, की महिन्याचा? प्रश्न ऐकायला अगदी घरगुती वाटतो. पण याच प्रश्नावर आपल्या पुणे शहरात थोर विद्वानांनी वर्षानुवर्षे वाद घातला, आणि त्या वादाच्या निकालावर या देशात गरीब किती आणि उपाशी किती, हा आकडा अवलंबून राहिला. त्या वादाची हकिगत आज सांगायची आहे.

प्रथम कॅलरी म्हणजे काय ते पाहू. मराठीत आपण तिला उष्मांक म्हणतो. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जितकी उष्णता लागते, तितकी आहाराच्या हिशेबातली एक कॅलरी. चुलीत लाकूड जळते तसे शरीरात अन्न जळते, आणि त्या उष्णतेवर आपले चालणे, बोलणे, नांगरणे, इतकेच काय, झोपेतला श्वासही चालतो. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातून साधारण साडेतीनशेच्या आसपास कॅलरी मिळतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सरासरी २,११० कॅलरी लागतात, मध्यम कष्ट करणाऱ्याला २,७१० आणि जड कष्ट करणाऱ्याला ३,४७०. स्त्रियांसाठी हेच आकडे १,६६०, २,१३० आणि २,७२० असे आहेत.

या आकड्यांतला 'दिवसाला' हा शब्द लक्षात ठेवा. 'सरासरी' हा शब्द तर त्याहून जास्त लक्षात ठेवा. सगळी गंमत आणि सगळे भांडण या दोन शब्दांत आहे.

आता जरा मागे जाऊ. सन १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. सातारा, सोलापूर, पुणे, नगर, विजापूर या भागांतली माणसे सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने मजुरीचे नवे माप सुचवले. एका पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य किंवा त्याची किंमत, आणि वर थोडे पैसे. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. आजच्या हिशेबाने त्यातून सुमारे दीड हजार कॅलरी मिळतात. खडी फोडणाऱ्याला जे लागते, त्याच्या निम्मेसुद्धा नाही.

लोकांनी हे निमूट सोसले नाही. पुष्कळ मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या सभेने, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. मद्रास इलाख्यात तिथल्या आरोग्य खात्याचे प्रमुख डॉ. कॉर्निश यांनी या मापाला कडाडून विरोध केला आणि त्याच वर्षी तिकडे ते वाढवावे लागले.

या प्रसंगातून आपल्या विषयाला धरून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एक पौंड धान्यावर माणूस एक दिवस काम करू शकतो का? करू शकतो. दोन दिवस? तेही करील. अंगात साठवलेली चरबी असते, ती जळते. पण हेच दोन महिने चालले तर? मग अंगावरचे मांस झडते, पाय सुजतात, साधा जुलाबाचा आजारसुद्धा प्राण घेऊन जातो. म्हणजे उत्तर धान्यावर जितके अवलंबून, तितकेच तुम्ही किती दिवस पाहता यावरही अवलंबून. एका दिवसाच्या फूटपट्टीने मोजले तर जे चालते असे दिसते, ते दोन महिन्यांच्या फूटपट्टीने मोजले तर मरण ठरते.

आता आपल्या गुरुवारच्या घरधन्याकडे परत येऊ. गुरुजी, हे उदाहरण फळ्यावर मांडून दाखवण्यासारखे आहे. समजा त्याच्या सात दिवसांच्या कॅलरी अशा आहेत: सोमवारी २,३००, मंगळवारी बाजार म्हणून २,९००, बुधवारी २,५००, गुरुवारी उपवास म्हणून १,५००, शुक्रवारी २,६००, शनिवारी २,२०० आणि रविवारी २,८००. बेरीज करा. १६,८०० होते. साताने भागा. बरोबर २,४०० येतात.

आता समजा सरकारने ठरवले की २,४०० च्या खाली जो असेल तो उपाशी. आठवड्याच्या हिशेबाने हा माणूस रेषेवर उभा आहे, उपाशी नाही. पण दिवसाच्या हिशेबाने सोमवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन दिवस तो रेषेखाली आहे. अशीच खाणारी शंभर माणसे घ्या, आणि प्रत्येकाला कोणत्या तरी एकाच दिवसाबद्दल विचारा. सात दिवसांपैकी तीन दिवस, म्हणजे शंभरातली सुमारे त्रेचाळीस माणसे तुमच्या कागदावर उपाशी ठरतील. खरे तर त्यांतला एकही उपाशी नाही!

उलटही होते बरे का. ज्याची आठवड्याची सरासरी जेमतेम दोन हजार आहे, असा खरोखर अर्धपोटी माणूस नेमका बाजाराच्या दिवशी सापडला, तर तो कागदावर पोटभर जेवलेला दिसतो. तेव्हा एका दिवसाची मोजणी उपाशी नसलेल्याला उपाशी ठरवते आणि उपाशी असलेल्याला लपवते. दोन्हीकडून फसवते.

मग सरळ आठवडाभराचे किंवा महिन्याचे विचारावे, असे तुम्ही म्हणाल. हाच विचार स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात झाला. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. देशभरातली काही गावे, गावातली काही घरे निवडायची आणि त्यांना खाण्याचा, खर्चाचा हिशेब विचारायचा. या पहिल्या फेरीतल्या तक्त्यांचा एक भाग पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेकडे आला होता, आणि त्यावर वि. म. दांडेकरांनी १९५३ साली अहवाल लिहिला. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

विचारायचे ठरले, पण किती दिवसांचे विचारायचे? गेल्या आठवड्याचे की गेल्या महिन्याचे? १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पश्चिम बंगालमध्ये एक प्रयोग झाला. काही घरांना गेल्या आठवड्याचे विचारले, काहींना गेल्या महिन्याचे, आणि काही घरांत तर रोज जाऊन धान्य तराजूवर तोलले. तोललेल्या आकड्याशी ताडून पाहिल्यावर काय दिसले? मुख्य धान्याच्या बाबतीत महिन्याचे उत्तर तराजूच्या जास्त जवळ निघाले, आणि आठवड्याचे उत्तर वाढीव निघाले.

हे ऐकून नवल वाटेल. आठवड्याची आठवण ताजी, महिन्याची जुनी. मग ताजी आठवण का चुकावी? तर माणसाची आठवण काठाशी चुकते. आठ-नऊ दिवसांमागे आणलेली पायली 'याच आठवड्यातली' म्हणून सांगितली जाते. आठवडा लहान, त्यामुळे त्याच्या मानाने काठ मोठा. महिन्याच्या हिशेबातही तीच चूक होते, पण तीस दिवसांत ती पसरून जाते.

शेतकरी मंडळींना ही गोष्ट दुसऱ्या रूपात चांगली ठाऊक आहे. पिकाचा उतारा काढायला शेतातला एक तुकडा मोजून कापतात. तुकडा फार लहान घेतला तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, कारण दोरीच्या कडेला असलेली ताटे हात आपोआप आत ओढतो. ही चूक १९४६ साली जगापुढे आकड्यांनिशी मांडणारा माणूस आपल्याच मातीतला होता. त्यांचे नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे. आपल्या हकिगतीचे ते मुख्य नायक.

सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली ते गणित घेऊन पदवीधर झाले, लंडनला जाऊन संख्याशास्त्र शिकले, परत येऊन भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. १९५१ साली ते रोमला गेले. तेथे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आहे. १९७० पर्यंत तिच्या संख्याशास्त्राच्या कामाची धुरा त्यांनी वाहिली. जगात भुकेले किती, हा प्रश्न त्यांच्या मेजावर रोज असे. निवृत्तीनंतर ते पुण्याला परतले, १९७१ साली पद्मभूषण झाले, आणि आज जिला आपण आघारकर संशोधन संस्था म्हणतो तिथे त्यांनी पुढचे काम केले.

नेमक्या त्याच १९७१ साली पुण्यातच दुसरी मोठी घटना घडली. दांडेकर आणि नीलकंठ रथ या दोघांनी 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा प्रबंध प्रसिद्ध केला. दांडेकर म्हणजे तेच, ज्यांच्या नावाची अनुशेष समिती १९८४ च्या अहवालामुळे महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक झाली. तेही मूळचे साताऱ्याचेच. दांडेकर आणि रथ यांनी विचारले, एका माणसाला दिवसाला सरासरी २,२५० कॅलरी मिळतील असा आहार परवडायला महिन्याला किती खर्च करण्याची ऐपत लागते? १९६०-६१ च्या किमतींप्रमाणे उत्तर आले, खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. एवढीही ऐपत नसलेले लोक खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के निघाले. हा आकडा देशाच्या काळजाला लागला. १९७९ साली नियोजन मंडळाच्या अभ्यासगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० कॅलरी धरून दारिद्र्यरेषा आखली, ती याच वाटेने.

इथे सुखात्मे यांनी हरकत घेतली. ते म्हणाले, २,४०० ही सरासरी आहे. सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक माणूस उपाशी, हे कोणी ठरवले? वर्गातल्या मुलांची सरासरी उंची काढा. निम्मी मुले सरासरीच्या खाली असणारच. म्हणून ती ठेंगू ठरतात काय?

त्यांचे म्हणणे एवढ्यावर थांबले नाही. ते आपल्या दिवस की आठवडा या प्रश्नाकडे वळले. ब्रिटनमध्ये १९५३ साली बारा सैनिकी विद्यार्थ्यांवर चौदा दिवस एक पाहणी झाली होती. प्रत्येकाने काय खाल्ले आणि किती शक्ती खर्च केली, हे रोज मोजले. त्यात असे आढळले की ज्या दिवशी माणूस जास्त राबला, त्या दिवशी तो जास्त खातो असे नाही. त्याची भरपाई दोन दिवसांनी होते. शरीर रोजच्या रोज हिशेब चुकता करत नाही. किराणा दुकानातल्या खात्यासारखे ते आज उधार घेते, परवा फेडते.

सुखात्मे यांनी १९७८ आणि १९८२ साली अमेरिकेतले शेल्डन मार्गन यांच्यासह जे लेख लिहिले, त्यांत ही कल्पना आणखी पुढे नेली. साधे गणित असे सांगते की रोजचे खाणे एकमेकांशी संबंध नसलेले असेल, तर सात दिवसांची सरासरी घेतल्यावर चढउतार पुष्कळ कमी व्हावा. शंभरात पंधराचा चढउतार सहाच्या आत यावा. सुखात्मे म्हणाले, तसे होत नाही. आजचे खाणे कालच्याशी बांधलेले असते. त्यामुळे निरोगी माणसाची आठवड्याची सरासरीसुद्धा बरीच वरखाली होत राहते, आणि शरीर तेवढ्या पट्ट्यात स्वतःला सावरून घेते. नदीला पूर येतो आणि ओहोटी लागते, तरी ती दोन काठांच्या आत असेपर्यंत नदीच असते, तसे हे. मग उपाशी कोणाला म्हणायचे? जो त्या पट्ट्याच्या खालच्या काठाच्याही खाली गेला, त्याला. शंभरात पंधराचा चढउतार धरला तर २,४०० च्या पट्ट्याचा खालचा काठ १,६८० च्या आसपास येतो.

हिशेबातली ही एक ओळ बदलली की भुकेल्यांचा आकडा झपाट्याने उतरतो. म्हणूनच वाद पेटला.

१९८१ साली मुंबईहून निघणाऱ्या एका इंग्रजी आर्थिक साप्ताहिकात दांडेकरांनी या मांडणीवर खरमरीत लेख लिहिला, आणि सुखात्मे यांनी उत्तर दिले. गोखले संस्था आणि आघारकर संस्था पुण्यात एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर जावे इतक्या अंतरात देशातल्या उपाशी माणसांचा आकडा दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिला जात होता!

दांडेकरांच्या बाजूचे मर्म असे. दारिद्र्य म्हणजे ऐपत नसणे. आमची रेषा कोण्या एका माणसाच्या पोटातून गेलेली नाही, ती रुपयांतून गेलेली आहे. खात्यापित्या माणसाचे खाणे वरखाली होते, ते त्याच्या मर्जीने आणि शरीराच्या गरजेने. गरिबाचे खाणे खाली जाते, ते पैसा नसल्यामुळे. कागदावर दोघांचा आकडा एकच दिसेल, पण गुरुवारी उपवास करणारा आणि गुरुवारी काम न मिळालेला, हे दोघे एक नव्हेत.

आहारशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनीही या विचाराला विरोध केला. कमी खाण्यावर शरीर सावरते हे खरे, पण सावरण्याची किंमत पडते, असा त्यांचा मुद्दा होता. मोठा माणूस कमी हालचाल करतो, लवकर थकतो. लहान मूल तर वाढायचेच थांबते. खुजे राहिलेले मूल काटक दिसले म्हणून त्याला धडधाकट म्हणू नये.

पण सुखात्मे गरिबांचे शत्रू होते, असे मात्र कोणी समजू नये. त्यांचा रोख निराळा होता. ते म्हणत, नुसते धान्य वाढवून भागणार नाही. गावाला स्वच्छ पाणी नाही, संडास नाहीत, मुलांना वारंवार जुलाब होतात. मग खाल्लेले अंगी लागणार कसे? फुटक्या रांजणात पाणी ओतत राहण्यापेक्षा आधी रांजण सांधा. ही त्यांची गोष्ट पुढच्या काळात अधिकाधिक खरी ठरत गेली. दांडेकर १९९५ साली गेले, सुखात्मे १९९७ साली. दोघांचाही अंत पुण्यातच झाला. वाद मात्र विद्वानांत चालूच राहिला.

याच पुण्याच्या परिसरात पुढे आणखी एक काम झाले, ते या वादाला निराळेच वळण देते. १९९३ पासून केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आहार तपासला. शेतीकाम करणाऱ्या या बायका. त्यांना दोन तऱ्हेने विचारले. एक, गेल्या चोवीस तासांत काय खाल्ले. दोन, अमुक पदार्थ किती वेळा खाता. आघारकर संस्थेच्या शोभा राव आणि इतरांनी २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाळाच्या जन्माच्या वेळच्या आकाराशी आईच्या रोजच्या कॅलरींचा फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा पोटात जाते याच्याशी. ज्या आया हे पदार्थ वरचेवर खात, त्यांची बाळे अंगाने मोठी निघाली.

म्हणजे काही गोष्टींसाठी दिवस ही फूटपट्टी तोकडीच. मेथी, चाकवत, राजगिरा रोज ताटात नसतो. आज होता का, असे विचारले तर उत्तर योगायोगाचे येते. आठवड्यात किती वेळा, असे विचारले की घराची खरी रीत कळते.

सरकारच्या पाहणीनेही हळूहळू हाच धडा घेतला. १९९९-२००० च्या पाहणीत एकाच घराला आठवड्याचे आणि महिन्याचे असे दोन्ही विचारले गेले. त्यावरून इतका गोंधळ उडाला की त्या वर्षीचा दारिद्र्याचा आकडा आधीच्या आकड्यांशी ताडता येईना. २०२२-२३ च्या पाहणीत भाजी, फळे, दूध, अंडी यांसाठी सात दिवसांचे, धान्य आणि डाळींसाठी तीस दिवसांचे, आणि कपड्यांसारख्या वस्तूंसाठी वर्षाचे विचारले. ज्या वस्तूची जशी चाल, तसा तिचा काळ. तिकडे रोमची अन्न संघटना देशोदेशीच्या भुकेल्यांचा अंदाज करते तो वर्षभराच्या नेहमीच्या खाण्यावरून. त्या पद्धतीचे मूळ सुखात्मे यांच्याच कामात आहे.

मग तात्पर्य काय? दिवस चूक आणि आठवडा बरोबर, असे आहे काय? नाही. हिशेब कोणासाठी मांडायचा, यावर त्याचा काळ ठरतो.

घरात कणगी भरलेली आहे, माणूस मोठा आहे, तब्येत ठीक आहे, तर त्याने आठवड्याचा हिशेब पाहावा. हल्ली पुष्कळ जण वजन उतरवण्यासाठी कॅलरी मोजतात. लग्नात दोन जिलब्या जास्त झाल्या म्हणून दुसऱ्या दिवशी कपाळाला हात लावतात. त्यांनीही आठवड्याची बेरीज करावी. शरीर स्वतःच तसा हिशेब ठेवते, हे आपण पाहिलेच. मात्र मधुमेहाच्या रुग्णाने हा सल्ला स्वतःला लावू नये. त्याला वेळच्या वेळी खावे लागते, आणि त्याचे वेळापत्रक डॉक्टरांनीच ठरवावे.

ज्याच्या घरी साठा नाही, जो रोज कमावतो आणि रोज खातो, त्याला आठवड्याची सरासरी सांगू नका. त्याच्याकडे उधार ठेवायला चरबी नाही आणि परवाच्या भाकरीची खात्री नाही. टेंपलसाहेबाच्या खडीवरचा मजूर हा असा माणूस होता.

आणि लहान मूल? गुरुजी, बाई, ही गोष्ट तुमच्यासाठी आहे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेतल्या मुलांना शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. त्यात शाळेच्या प्रत्येक दिवशी किमान ३०० कॅलरी असे म्हटले होते. पुढे हे प्रमाण वाढले. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. शब्द पाहा, 'रोज'. आठवड्याचे एकदम तांदूळ वाटून हिशेब पुरा झाला, असे येथे चालत नाही. कारण सकाळी उपाशी आलेले मूल अकरा वाजता फळ्याकडे पाहते, पण त्याला अक्षर दिसत नाही. सोमवारी उपाशी राहिलेला त्याचा धडा शुक्रवारच्या खिचडीने भरून येत नाही.

पण त्याच शाळेत आठवड्याची फूटपट्टीही लागते. रोजची खिचडी कॅलरी पुरवील, पण सहा दिवसांत पालेभाजी किती वेळा आली, डाळ किती वेळा दाट होती, अंडे किंवा केळे किती वेळा मिळाले, हे आठवड्याच्या तक्त्यावरच दिसते. आणि मुलांची उंची आणि वजन महिन्यांनी, वर्षांनी तपासावे, कारण वाढीचा हिशेब शरीर सावकाश लिहिते.

एक प्रयोग सुचवतो. सातवीच्या वर्गाला सरासरी शिकवाल, तेव्हा प्रत्येक मुलाला सात दिवस आपल्या घरच्या भाकऱ्या मोजायला सांगा. कोणाच्या घरचे आकडे जाहीर वाचू नका, कारण गरिबीची लाज मुलांना फार लागते. आकडे वहीतच राहू द्या. त्यांनी स्वतःच पाहावे की एका दिवसाचा आकडा आणि आठवड्याची सरासरी किती निराळी येते. सुखात्मे आणि दांडेकर ज्यावर झगडले, ती गोष्ट मुलांना एका आठवड्यात कळेल.

आणि एखाद्या वहीत सातही दिवस एकच भाकरी लिहिलेली दिसली, तर? तिथे सरासरी काढायला बसू नका. त्या मुलाला मधल्या सुट्टीत थांबवून घ्या आणि आधी त्याच्या ताटात काय पडते ते पाहा.